पिसाला सापडलेली पोकळी

नॅथॅनिएल हायमोर हे इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या शेर्बोर्न गावचे डॉक्टर. सतराव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्याकडे एक बाई आली, ती पुरती घाबरून. दातांनी तिला वर्षानुवर्षं छळलं होतं. एकेक करत बरेच दात काढून झाले होते. शेवटी वरचा डावा सुळा काढला आणि तिथली जखम काही केल्या भरून येईना. खळग्यातून सतत पाणी झरत राहिलं. हे भोक जातं तरी कुठवर, म्हणून तिने त्यात चांदीची बारीक सळई घालून पाहिली. ती आत जात राहिली. मग तिने एक पीस घेतलं, त्याच्या दोन्ही बाजूंचे तंतू सोलून टाकले आणि उरलेली लवचीक काडी हलके हलके वर सरकवली. काडी जवळजवळ सगळी आत गेली. तोंडातून वर, डोळ्याच्या रोखाने, एवढी लांब काडी गेली म्हणजे ती मेंदूलाच पोचली, असं तिने धरलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

तिची भीती त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होती. गॅलेन या प्राचीन वैद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की पडशात नाकातून जे वाहतं ते मेंदूतून गाळून खाली उतरतं. शिकलेसवरलेले डॉक्टरही तेच मानत. आपल्याकडे आजसुद्धा वरची दाढ काढायचं ठरलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वरची दाढ नको काढूस, डोळ्यांवर येतं." चेहऱ्याच्या आत काय दडलंय ते दिसत नसलं, की माणसाचा जीव डोळ्यांत आणि मेंदूत अडकतो.

हायमोरना मात्र तिथलं हाड ठाऊक होतं. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला हा माणूस. रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वींचा स्नेही. मृत शरीर स्वतः उघडून पाहायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, ही नवी शिस्त अंगी बाणलेला. वरच्या जबड्याच्या हाडात, गालामागे, नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते हे त्यांनी पाहिलं होतं. बाईचं पीस सरळ वर गेलंच नव्हतं. ते त्या पोकळीत शिरलं आणि आतल्या आत वळत गेलं. मेंदू तिथून बराच दूर. हायमोरनी तिला हे समजावून सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

१६५१ साली हेग शहरात हायमोर यांचा शरीररचनेवरचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. तो त्यांनी हार्वींना अर्पण केला होता. त्यात या पोकळीचं चित्र आहे, वर्णन आहे आणि त्या बाईची हकिगतही आहे. पुढची अडीचशे वर्षं आणि त्यानंतरही डॉक्टर त्या जागेला हायमोरची पोकळी म्हणत राहिले. आज आपण तिला सरसकट सायनस म्हणतो. बाई मात्र निनावीच राहिली.

हायमोर पहिले नव्हेत. त्यांच्या दीडशे वर्षं आधी, १४८९ साली, लिओनार्दो दा विंची यांनी मानवी कवटी करवतीने कापून तिची चित्रं काढली. गालामागची पोकळी त्यांनी नेमकी दाखवली आणि दातांच्या मुळांना पोसणारा रस तिच्यात असतो, असा तर्कही नोंदवला. तर्क चुकीचा होता. पण त्यांनी जोड लावली ती पोकळीची आणि दातांच्या मुळांची, आणि ती जागा बरोबर होती. ते कागद पुढे शेकडो वर्षं खाजगी संग्रहांत बंद राहिले, म्हणून वैद्यकाला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

मला या कथेत सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की या पोकळीची वैद्यकाला खरी ओळख झाली ती एका काढलेल्या दाताच्या वाटेनेच. दात आणि सायनस यांचं नातं पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. तरीही पुढच्या साडेतीनशे वर्षांत ते कितीदा सापडलं आणि कितीदा हरवलं! आजही एका बाजूचं नाक वर्षभर वाहत असलेला माणूस वाफारा घेतो, स्प्रे मारतो, प्रतिजैविकांचे कोर्स संपवतो, प्रसंगी सायनसचं ऑपरेशनही करून घेतो, आणि त्याच्या दाढेकडे कुणी बघतही नाही.

हे समजायला त्या हाडाची रचना डोळ्यांपुढे आणायला हवी. मोठ्या माणसाच्या एका सायनसमध्ये साधारण १५ मिलिलिटर द्रव मावेल, म्हणजे तीन लहान चमचे. वरच्या बाजूला डोळ्याची खोबण, आतल्या बाजूला नाक आणि तळाशी वरच्या दाढांची मुळं. खालच्या बिऱ्हाडाचं छत तीच वरच्या बिऱ्हाडाची फरशी, असा सगळा मामला. ही फरशी फार पातळ असते. दुसऱ्या दाढेचं गालाच्या बाजूचं पुढचं मूळ घ्या. त्याचं टोक आणि सायनसचा तळ यांतलं अंतर मोजलं, तर ते सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही. काही माणसांत तर मुळाची टोकं पोकळीच्या आत डोकावतात आणि मध्ये हाड उरतच नाही, उरतं ते फक्त ओलसर अस्तर.

या अस्तराला श्नायडरचं नाव आहे. जर्मनीतल्या विटेनबर्गचे हे प्राध्यापक, कॉनराड व्हिक्टर श्नायडर. हायमोर यांच्या ग्रंथानंतर दहा वर्षांच्या आतच, १६६०पासून, त्यांनी पडशावर भले मोठे ग्रंथ लिहिले आणि गॅलेनची समजूत मोडून काढली. मेंदूतून नाकात काहीही गळत नाही, शेंबूड तयार होतो तो नाकाच्या आणि पोकळ्यांच्या या अस्तरातच, हे त्यांनी दाखवून दिलं. पीस घेऊन आलेल्या बाईच्या भीतीला शास्त्राने दिलेलं हे दुसरं उत्तर.

आता आजाराची वाट पाहू. दाढ किडते. कीड आतल्या नसेपर्यंत जाते. दोन-चार रात्री दाढ ठणकते, लवंगेचं तेल लावून, दुखणं मारायच्या गोळ्या खाऊन माणूस त्या काढतो. मग एक दिवस दुखणं थांबतं. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात दाढेची नस मेलेली असते, आणि मेलेली नस दुखत नाही. तिच्या रिकाम्या नळीत जंतू घर करतात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून शरीराच्या पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि गोळ्यांतलं औषधही पोचत नाही. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि तिथे पू धरतो.

खालच्या दाढेला असं झालं तर गाल सुजतो, हिरडीवर फोड येतो, माणूस दवाखाना गाठतो. वरच्या दाढेला दुसरी वाट मोकळी असते. पातळ फरशी झिजते आणि पू सायनसमध्ये सुटतो. दाब तुंबतच नाही, म्हणून दाढ दुखत नाही. चावताना कधीमधी जरा जड वाटतं, तेवढंच. इकडे सायनसचं अस्तर सुजतं आणि त्याच बाजूची नाकपुडी वाहायला लागते. घाण वास येतो, कारण हे जंतू प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जातीचे असतात. बहुतेकदा तो वास रुग्णाला स्वतःलाच येतो, शेजारच्याला येत नाही. लोक म्हणतात, तुला भास होतो. रुग्ण हळूहळू गप्प होतो.

तो जातो कुणाकडे? नाक वाहतंय म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. तिथे तोंड उघडून दाढा तपासायचा रिवाज फारसा नाही. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं त्याच्या मनातही येत नाही, कारण दात दुखतच नाहीये. चेहऱ्याच्या एकाच हाडाची वरची बाजू एका शास्त्राकडे गेली आणि खालची दुसऱ्याकडे. त्यांची कॉलेजं वेगळी, पदव्या वेगळ्या, पुस्तकं वेगळी. रोग मात्र मधल्या फरशीत बसतो.

एके काळी असं नव्हतं. १७०७ साली लंडनमध्ये जेम्स ड्रेक यांचा ग्रंथ निघाला. त्यात विल्यम कूपर या शल्यविशारदांनी सायनसमधला पू काढायची रीत सांगितली आहे. वरची पहिली दाढ काढायची, तिच्या खळग्यातून सायनसपर्यंत छिद्र पाडायचं आणि त्या वाटेने आत पाणी मारून पोकळी धुवायची. भुलेचं औषध नाही, जंतू ही कल्पनाच नाही, अशा काळात हे चालायचं. पण त्यामागची समज बघा. पू काढायची सोपी वाट दाढेतून जाते हे त्यांना कळत होतं. आणि ज्याची दाढच रोगाचं मूळ होती, असा माणूस त्या ऑपरेशनने खरोखर बराही होत असणार. दाढ गेली आणि पूही गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नाकाचं शास्त्र स्वतंत्र झालं. व्हिएन्नाचे एमिल झुकरकांडल यांनी नाकाच्या आतल्या रचनेचा कसून अभ्यास केला. १८९३ साली न्यू यॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी आणि १८९७ साली पॅरिसच्या आन्री लुक यांनी नवी शस्त्रक्रिया मांडली. वरचा ओठ उचलायचा, दातांच्या वरून हाडाला खिडकी पाडायची, सायनसचं रोगट अस्तर खरवडून काढायचं आणि नाकात वाट करून द्यायची. दोघांच्या नावाने ही शस्त्रक्रिया पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभर झाली. आता सायनसमध्ये शिरायला दाढ काढायची गरज उरली नाही. हा मोठाच फायदा होता. पण दाढ बाजूला झाली तसा दाढेचा विचारही बाजूला पडला.

त्यानंतर जे घडलं त्याने दाताकडे बोट दाखवणंच बदनाम झालं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या परंपरेत काम केलेले अमेरिकन दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी १८९०च्या सुमारास तोंडातल्या जंतूंवर मूलभूत संशोधन केलं आणि तोंडातला संसर्ग शरीरात इतरत्र रोग पसरवू शकतो, असं मांडलं. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी कॅनडातल्या माँट्रियलला भाषण दिलं. सोन्याच्या टोप्यांखाली कुजणाऱ्या दातांवर त्यांनी त्यात कडक टीका केली. मूळ मुद्दा खोटा नव्हता. पण त्याची लाटच आली. सांधे दुखतात? दात काढा. पोट बिघडलंय? दात काढा. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड बरं करायला म्हणून रुग्णांचे हजारो दात उपटले, सायनस उघडले, आतडीसुद्धा कापली. माणसं मेली. १९३८ साली रसेल सेसिल आणि मरे अँजेविन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. दात आणि टॉन्सिल काढून संधिवात बरा होतो याला आधार सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सेसिल स्वतः आधी त्याच मताचे होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं. लाट ओसरली.

ती ओसरणं आवश्यकच होतं. कॉटनसारख्यांनी केलेल्या हानीला क्षमा नाही. माझं मत असं, की त्या लाटेबरोबर एक खरी गोष्टही वाहून गेली. दाताचा संसर्ग गुडघ्यात जातो म्हणणं वेगळं आणि मिलिमीटरभर अंतरावरच्या पोकळीत जातो म्हणणं वेगळं. पहिल्या दाव्याला पुरावा नव्हता. दुसऱ्याचा पुरावा कुणीही हाड कापून बघावं, इतका उघड होता.

आणि तो एकाने खरंच बघितला. १९४३ साली बाउअर यांनी मृत माणसांचे वरचे जबडे घेतले, दाढेची मुळं आणि सायनसचा तळ यांचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. मुळाच्या टोकाशी निघालेली सूज हाडातून चढत सायनसच्या अस्तरापर्यंत गेलेली त्यांना दिसली. काही ठिकाणी तर तळाच्या हाडाला भोकही पडलेलं नव्हतं. हाडातल्या पोकळ जागांतून आणि रक्तवाहिन्यांच्या वाटांनी रोग वर गेला होता. तीनशे वर्षांपूर्वी पिसाने जे चाचपलं, ते आता काचपट्टीवर दिसत होतं. पण लेख छापला गेला तो दातांच्या नियतकालिकात. नाकवाल्यांनी तो वाचायचं काही कारण नव्हतं. सत्तरच्या दशकापासून अमेरिकन रूट कॅनाल तज्ज्ञ सेल्डन हेच पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. त्यांचे लेखही दातांच्याच मासिकांत राहिले.

नाकाचं शास्त्र तेव्हा एका वेगळ्याच आणि अतिशय सुंदर शोधाने भारावलं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर सायनसच्या आतल्या अस्तराचं चलन पाहत होते. त्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा फटकारतात आणि चिकट स्राव ढकलत नेतात. सायनसचं नैसर्गिक तोंड तळाशी नाही, वर आहे. तरीही हे केस सगळा स्राव तळापासून चढवत त्या वरच्या तोंडाशीच नेतात. तुम्ही तळाशी दुसरी खिडकी पाडलीत तरी स्राव तिच्या बाजूने वळून वरच जातो. मग ती खिडकी करून साधतं काय? नैसर्गिक तोंड मोकळं करा, सायनस आपला आपण बरा होईल, हा त्यांचा सिद्धांत. १९७८ साली त्यांचं नाकाच्या दुर्बीण-तपासणीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यांचे शिष्य हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी १९८५च्या आसपास ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर नेली. आज आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा ती होते. कॉल्डवेल आणि लुक यांची खरवडपट्टी मागे पडली, लाखो लोकांचे हाल वाचले.

पण दुर्बीण नाकातून आत जाते आणि वरचं तोंड बघते. नैसर्गिक तोंड उघडलं, पू धुतला, आणि खाली मुळाच्या टोकातून रोज नवा पू येतच राहिला, तर? अशा रुग्णांचं ऑपरेशन फसलं असं समजून पुन्हा ऑपरेशन केलं गेलं. दाताने सायनस बिघडण्याचं प्रमाण १० ते १२ टक्के, हा जुना आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला. स्वीडनमध्ये मेलेन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली जुनाट सायनसच्या रुग्णांच्या दातांची नीट तपासणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांत मूळ दातात निघालं. तरी त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

डोळे उघडणारा अभ्यास अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. २०११ साली लाँगिनी आणि फर्ग्युसन या दोन डॉक्टरांनी दातामुळे सायनस झालेल्या २१ रुग्णांची कहाणी मांडली. बहुतेकांनी बरेच उपचार आधीच सोसलेले होते. दातदुखीची तक्रार एक-तृतीयांशाहूनही कमी रुग्णांची होती. सीटी स्कॅनमध्ये दाढेच्या मुळाभोवतीचा काळा डाग दिसत होता, पण अहवालात त्याचा उल्लेख अनेकदा नव्हता. आणि सगळ्यात धक्का देणारी गोष्ट म्हणजे, दाताच्या डॉक्टरांकडे धाडलेल्या रुग्णांपैकीही बहुसंख्यांना "दात ठीक आहेत" असंच सांगण्यात आलं होतं.

ते डॉक्टर निष्काळजी होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या हातातलं साधनच तोकडं होतं. दाताचा साधा एक्स-रे ही सपाट सावली असते. वरच्या दाढेला तीन मुळं, त्यांच्यावर सायनसचा तळ आणि गालफडाचं हाड, या सगळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. त्यात १९६१ साली बेंडर आणि सेल्टझर या दोघांनी एक प्रयोग करून ठेवलेला होता. मृतांच्या जबड्यांत त्यांनी मुद्दाम खड्डे केले आणि एक्स-रे काढले. आतल्या जाळीदार हाडातला खड्डा चांगला मोठा असला तरी, बाहेरच्या टणक कवचाला धक्का लागेपर्यंत, एक्स-रेवर काहीच दिसलं नाही. पन्नास वर्षं हा इशारा छापील होता.

उत्तर आलं इटलीतल्या व्हेरोनाहून आणि जपानहून. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन निघाला, पण दातांसाठी तसं यंत्र यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. व्हेरोनात मोझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर जपानमध्ये योशिनोरी अराई यांनी, शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारं छोटं यंत्र बनवलं. रुग्ण बसतो किंवा उभा राहतो, यंत्र डोक्याभोवती एकदा फिरतं आणि जबड्याचं तिन्ही मितींतलं चित्र मिळतं. हेच आपल्याकडचं सीबीसीटी. पुण्या-मुंबईत ते सहज होतं, जिल्ह्याच्या गावीही आता बऱ्याच ठिकाणी होतं.

या यंत्राच्या पडद्यावर वरची पहिली दाढ एकदा बघावी. गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा एक नव्हे तर दोन नळ्या असतात. दुसरी इतकी बारीक, की रूट कॅनाल करताना ती निसटते. बाकीच्या तीन नळ्या छान भरलेल्या, वर चकचकीत कॅप बसवलेली, बिल भरलेलं, दाढ शांत. आणि त्या न भरलेल्या चौथ्या नळीच्या टोकाला, आडव्या कापात, वाटाण्याएवढा काळा डाग. डागावरची सायनसची फरशी कुठे उचललेली, कुठे फाटलेली. तिच्यावर सुजलेलं करडं अस्तर आणि वर पू. रुग्णाच्या वर्षभराच्या तक्रारीचं कारण एका चित्रात समोर येतं.

दाढेच्या नळीत भरलेलं सिमेंट टोकातून सायनसमध्ये निसटलं, तरी त्रास होतो. त्या सिमेंटमध्ये अनेकदा जस्त असतं आणि अॅस्परजिलस नावाच्या बुरशीला ते मानवतं. सायनसमध्ये बुरशीचा गोळा वाढतो. स्कॅनमध्ये मधोमध पांढरा ठिपका दिसला की जाणकार डॉक्टर लगेच रूट कॅनालची चौकशी करतात. दाढ काढताना पडलेलं भोक तसंच राहणं, इम्प्लांटचा स्क्रू वर सरकणं, हीसुद्धा कारणं आहेतच.

२०१८ साली अमेरिकेतल्या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेने या विषयावर अधिकृत भूमिका जाहीर केली. २०२१ साली डेट्रॉइटचे जॉन क्रेग आणि अनेक देशांतले नाकाचे व दातांचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि या आजाराचं निदान कसं करायचं, यावर त्यांनी एकमताचा मसुदा काढला. रुग्ण दोघांनीही तपासायचा. पू खरोखर सायनसमध्ये आहे हे नाकाच्या डॉक्टरांनी ठरवायचं आणि कारण दाढेत आहे हे दाताच्या डॉक्टरांनी. इतकी साधी गोष्ट लिहून निघायला हायमोर यांच्या ग्रंथानंतर ३७० वर्षं लागली.

तेच २०२१ साल महाराष्ट्राच्याही लक्षात राहील. कोविडमधून उठलेल्या, साखर वाढलेल्या माणसांना काळ्या बुरशीने गाठलं. कित्येकांचं पहिलं लक्षण होतं वरचे दात हलणं आणि जबडा दुखणं. तिथे रोग उलटा, नाकातून आणि सायनसमधून खाली जबड्यात उतरत होता. त्या महिन्यांत सरकारी रुग्णालयांत नाकाचे सर्जन आणि जबड्याचे सर्जन एकाच टेबलाशी उभे राहून रात्रंदिवस ऑपरेशनं करत होते. फार मोठी किंमत देऊन ती सवय लागली. ती साथीपुरतीच राहू नये, असं मनापासून वाटतं.

उपचार सापडला की तो सरळ आहे. वाचण्याजोगी दाढ असेल तर रूट कॅनाल नीट पुन्हा करायचं, किंवा मुळाचं टोक कापून तिथली घाण काढायची. वाचत नसेल तर दाढ काढायची. काहींचा सायनस तेवढ्यानेच निवळतो. काहींना दुर्बिणीचं ऑपरेशन सोबत लागतं. नुसत्या गोळ्यांनी हा आजार जात नाही. तो दबतो आणि महिन्याभराने परत येतो. दुर्लक्ष केलं तर क्वचित डोळ्याच्या खोबणीत आणि मेंदूतही पू होऊ शकतो.

उलटी चूकही होते आणि ती सांगायलाच हवी. साध्या सर्दीत सायनस भरला की वरच्या सगळ्या दाढा एकदम ठणकतात, खाली वाकलं की जास्तच. त्या वेळी दाढा निरोगी असतात. घाईने एखादी काढून टाकू नका. थंड बोळा लावून दाढेची नस जिवंत आहे का, हे दाताचे डॉक्टर दोन मिनिटांत तपासतात.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. एकाच बाजूची नाकपुडी वाहते आहे, घाण वास येतो आहे, बारा आठवडे उलटले आहेत, आणि त्याच बाजूला कधी तरी दाढ भरलेली, रूट कॅनाल केलेली किंवा काढलेली आहे, असं असेल तर ही दाताची हकिगत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका. एकाच बाजूचा त्रास क्वचित गाठीमुळेही असतो, म्हणून नाकाची दुर्बिणीने तपासणी टाळू नका. सीटी स्कॅन काढला असेल तर त्यात वरच्या दाढांची मुळं कशी दिसतात हे विचारा, आणि तोच स्कॅन घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे जा. दाढ दुखत नाही हे कारण पुढे करून ती भेट टाळू नका. दाढांचा निकाल हाती येईपर्यंत सायनसच्या ऑपरेशनची तारीख ठरवू नका.